रोडक्या जनावराचे पहिले आठ दिवस

आबा, माझ्याकडं एक साप आहे आणि चार दिवसांपूर्वी त्यानं उंदराचं एक पिल्लू खाल्लं. ते पोटात टिकलं की नाही हे उद्यापर्यंत कळेल. तोवर काचेवरचा कागद काढायचा नाही असं ठरवलंय, आणि हात काही गप्प बसत नाहीत, म्हणून वही घेऊन बसलोय. सातवीतनं उठलेल्या तुमच्या पोराचं अक्षर, पण तुम्हाला त्याचं काय. तुम्ही होता तेव्हासुद्धा माझं पत्र दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, पोस्टमननं नाहीतर मास्तरांनी. आणि आज जे लिहायचंय ते तिसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर गेलेलं मला चाललं नसतं.

मी हॉलंडात आहे, आम्स्टरडॅमला. हॉटेलात तंदूरवर काम करतो. आधी पुणं, मग गोवा, मग मस्कत, मग इथं. तुम्ही म्हणायचा ना, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, ती अजून सुटलेली नाही. राहतो ते शहराच्या एका टोकाला, झुइडओस्टला. दहा-दहा मजल्यांच्या लांबच लांब इमारती आहेत आणि त्या आता एकेक करून पाडतायत. आमच्या समोरची अर्धी पाडून झाली. उघड्या पडलेल्या भिंतींवर अजून लोकांचे रंग दिसतात, कुणाची खोली पिवळी होती, कुणाची निळी. आमचीही जायची आहे, म्हणून गॅलरीतली दारं एकेक करून कायमची बंद होतायत.

शेजारच्या दारात एक म्हातारा राहायचा, सुरिनामचा. त्याचा पणजोबा बिहारातनं तिकडं उसाच्या मळ्यावर गेलेला. म्हाताऱ्यानं जन्मात हिंदुस्थान बघितला नाही, पण बोलतो ते आपल्याला समजतं. त्याला नवं घर मिळालं आणि सुनेनं सांगितलं, तुम्ही या, साप नको. साप मुळात त्याच्या धाकट्या पोराचा, आणि ते पोरगं कधीचंच घर सोडून गेलेलं. तर म्हाताऱ्यानं जानेवारीत एका सकाळी काचेची पेटी उचलून माझ्या दारात आणली आणि म्हणाला, "तू तो हिंदुस्तान के है बेटा, तोके तो साँप मालूम." मला साप माहीत म्हणजे, ओरडा झाला की सगळे काठ्या घेऊन धावायचे, तो. नाहीतर पंचमीला आई पाटावर काढायची, तो. पण मी नाही म्हणालो नाही. इतकी वर्षं इतक्या गावांत राहिलो, तुला हे येतं असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

मादी आहे. केशरी रंग, पाठीवर तांबडे ठिपके, विषबिष काही नाही, लांबी दोन हात. म्हाताऱ्याला आठवलं तेव्हा तो खायला घालायचा आणि त्याला बरेच महिने आठवलेलं नव्हतं. पाठीचा कणा असा वर आलेला, जशी वाळल्या दोडक्याची शीर. दोन्ही कुशी आत गेलेल्या, कातडं सैल. हातावर घेतली तर वजनच लागेना. म्हातारा निघून गेला आणि मी तिथंच फरशीवर बसलो. मला आपला गोठा दिसत होता.

तुम्ही बाजारातनं रोडकी जनावरं आणायचा. बाकीचे कास बघायचे, शिंगं बघायचे, तुम्ही कोपऱ्यात बांधलेलं, कुणी न विचारलेलं जनावर बघायचा. गावात शिरताना पारावरचे लोक हसायचे, आला बघा सांगाडा घेऊन. आणि चार-सहा महिन्यांत ती म्हैस अशी भरायची की आधीचा मालक समोरनं गेला तरी ओळखत नसे. तुमचा नियम एकच, पहिले आठ दिवस काही करायचं नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात बांधायची, थोडा कडबा, पाणी, बस. अंगावरनं हातसुद्धा फिरवायचा नाही. त्यानंतर मूठभर भरडा, चार दिवसांनी दोन मुठी. मला हे कळायचं नाही. मी अकरा वर्षांचा, सारखा दारातनं डोकावतोय. तुम्ही येता, कान धरून मला बाहेर काढता. "तू जेवताना कोण तुझ्या ताटाकडं टक लावून बसलं तर घास उतरंल का तुझ्या गळ्याखाली? तिचं ती खाईल. दमानं घे." दमानं म्हणताना तळवा हवेत खाली दाबायची तुमची सवय. आणि मग तोच हात गोठ्याकडं करून म्हणता, "ही तुझी. हिला तूच उभी करायची."

मला त्यानंतर कुणी काही दिलं असेल, पण असं नाही. ती म्हैस तिसऱ्या आठवड्यात मेली हे तुम्हाला माहीत आहे. कशानं मेली ते माहीत नाही. ते सांगतो, पण आधी सापाचं सांगू द्या.

मेट्रोच्या स्टेशनापाशी जनावरांच्या खाण्याचं दुकान आहे. तिथं बर्फात गोठवलेले उंदीर मिळतात. मी गेलो आणि बोटानं दाखवून सगळ्यात मोठा घेतला. दुकानातल्या बाईनं काहीतरी विचारलं, मी येस येस म्हणालो. घरी कोमट पाण्यात ठेवून नरम केला आणि जुन्या चिमट्यानं तिच्यापुढं धरला. एका झेपेत पकडला आबा. जबडा फाकून, अंग वाकडं-तिकडं करत, अर्धा तास लावून गिळला. तेवढ्या त्या बारक्या अंगात तो फुगवटा सरकत सरकत मधोमध आला आणि मला असं झालं की नाचावं. मी तिला उचलली, ह्या हातावरनं त्या हातावर घेतली, खोलीतल्या जोडीदाराला दाखवली. तो गढवालचा, आमच्याच हॉटेलात रश्श्यावर असतो. पलंगावर पाय वर घेऊन बसलेला, तिथनंच म्हणाला, "भाई, टाइम पे खिलाना इसको. भूखा रहा तो रात को निगलने के लिए मेरी लंबाई नापेगा."

तिसऱ्या दिवशी सकाळी वासानं जागा झालो. तिनं सगळं ओकून टाकलं होतं. अर्धा सडलेला उंदीर पडलेला आणि ती त्याच्या शेजारी लांब पसरलेली, आधीपेक्षा बारीक. मान उचलेना. मी पेटी साफ केली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि तसाच दुकानात गेलो. मला डच येत नाही, इंग्रजी कामापुरतं. पोटावर हात ठेवून, तोंड उघडून करून दाखवलं. बाईला कळलं. उंदीर केवढा होता म्हणून तिनं विचारलं, मी अंगठा आणि मधलं बोट ताणून दाखवलं. तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. रागावली नाही. मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं. उपाशी राहून राहून तिचं पोट काम विसरलंय. आता दहा दिवस काही घालायचं नाही, नुसतं पाणी. खालून ऊब, लपायला जागा, काचेवर कागद. मग एवढंसं, म्हणून करंगळीचं पहिलं पेर दाखवलं. उचलायची नाही, बघायची नाही. आणि परत असं झालं तर मग सांगता येत नाही. मी विचारलं, आणखी काय करू? ती म्हणाली, "रुस्तख. रुस्तख." आणि तळवा हवेत खाली दाबला.

त्या शब्दाचा अर्थ मी नंतर विचारला. सावकाश, शांतपणे, असा काहीतरी आहे. पण मला तिथंच कळला होता. येताना मेट्रोत बसलो नाही, दांडा धरून उभा राहिलो. एकच डोक्यात, हे मला माहीत होतं. मला हे अकराव्या वर्षापासनं माहीत होतं.

म्हशीच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तुम्ही बाजाराला गेला होता आणि आई खुरपायला. दुपारी मी गोठ्यात गेलो. तिचा भरडा संपलेला, ती रिकामी पाटी चाटत होती, पाटी ढकलत ढकलत भिंतीला लावलेली. माझ्याकडं बघून हंबरली. मला वाटलं आबांना दया नाही. मी कणगीतनं घमेलंभर ज्वारी काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं सगळी खाल्ली. मग माझा हात कोपरापर्यंत चाटला, त्या जिभेचा खरखरीतपणा अजून मला सांगता येतो. घमेलं मी राखेनं घासलं आणि जिथं होतं तिथं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली, तोंडातनं लाळ. तुम्ही बांबूच्या नळकांड्यानं तेल पाजताय, गोणपाटानं पोट रगडताय, मी कासरा धरून उभा आहे. तुम्ही वर न बघता विचारता, "काय खाल्लं का हिनं?"

मी म्हणालो, न्हाई.

तेवढंच. हो म्हणालो असतो तर तुम्ही वेगळं काही केलं असतं का, ती जगली असती का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. इथं इंटरनेटवर कळत असेल, पण विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तुम्ही तिच्याजवळ बसून राहिलात आणि मग आईला म्हणालात, आत रोग होता, मला दिसला नाही, डोळा गेला माझा. त्यानंतर तुम्ही एकही रोडकं जनावर आणलं नाहीत. गुऱ्हाळावर कामाला जायला लागलात. बाजाराच्या दिवशी कुणी हाक मारायला आलं, जरा जनावर बघून द्या म्हणून, तर म्हणायचा, मला काय विचारता, मला काय कळतंय. मी तिथंच ओट्यावर बसलेला असायचो. पुढं शाळा सोडली, घर सोडलं. लोकांना वाटलं पोराला घरात करमत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी गोव्यात कांदे चिरत होतो, पोचलो तोवर सगळं उरकलेलं.

तुमचा डोळा गेला नव्हता आबा. त्या म्हशीत काही रोग नव्हता.

तर ते दहा दिवस. काचेला चारी बाजूंनी वर्तमानपत्र लावलं. आत एक मातीची कुंडी पालथी घातली, ती तिच्याखाली शिरून बसली. खालून ऊब द्यायची विजेची गादी आणली आणि नुसता तिच्या उबेचा काटा बघायचा ठरवला, साप नाही. सकाळी काटा बघायचो, पाणी बदलायचो, कामाला जायचो. कामावर नान जळायला लागले. आमचे मोठे आचारी, उस्ताद, म्हणाले, बायको बाळंत व्हायला आलीय का तुझी, ध्यान कुठं आहे? जोडीदार म्हणायचा, मर गया होगा, देख तो ले एक बार. मी म्हणायचो नाही बघायचं. त्याला वाटायचं मी घाबरतोय, आणि ते खरंच होतं, पण तो समजत होता त्या कारणानं नाही. चौथ्या दिवशी माझ्यानं राहवेना, कागदाचा कोपरा वर केला. नुसती कुंडी दिसली. लगेच परत चिकटवला आणि दिवसभर वाटत राहिलं की मोडलं, नियम मोडला. आईचा फोन आला, तिला साप सांगितला नाही. जेवतोस का वेळेवर, म्हणाली.

अकराव्या दिवशी सकाळी दुकानातनं दोन पिल्लं आणली. गोठवलेली, गुलाबी, अजून डोळे न उघडलेली, करंगळीच्या पेराएवढी. एकच घालायचं होतं. दुसरं कशाला घेतलं म्हणाल तर वाटलं, एक हातातनं पडलं, खराब झालं तर. दोन्ही कोमट पाण्यात ठेवली. एक कुंडीच्या तोंडाशी ठेवलं, कागद लावला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोर मशीन निळ्या खोलीची भिंत ओढत होतं. परत येऊन कागद उचलला तर पिल्लू नव्हतं. आणि आबा, ती बाहेर आलेली. जीभ सारखी आत-बाहेर, काचेच्या कडेनं नाक घासत ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं चाललेली. शोधत होती. पाठीची शीर अजून तशीच वर. माझ्या हातात दुसरं पिल्लू, कोमट. जोडीदार पलंगावरनं म्हणाला, "दे दे यार, माँग रहा है बेचारा."

कागद लावला.

आज चौथा दिवस. अजून वास आलेला नाही. सकाळपासनं दहा वेळा पेटीजवळ जाऊन नाक लावलंय, नाक लावायला बंदी नाही. उद्या पाचवा, पाच दिवस पोटात राहिलं म्हणजे टिकलं, असं दुकानातल्या बाईनं सांगितलंय. उद्या कागद काढीन.

ते दुसरं पिल्लू मी घातलं नाही, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. पण खरं सांगायचं तर घरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचीही हिंमत झाली नाही. कागदात गुंडाळलं, लिफ्ट बंद होती, आठ मजले जिन्यानं उतरून खालच्या मोठ्या कचरापेटीत टाकून आलो. घरात राहिलं असतं तर मला माझाच भरवसा नव्हता.