राखसेनापतीला माफी

प्रिय धाकटोबा,

मागच्या भेटीत जाळीपलीकडून तू दोन गोष्टी विचारल्यास. राखसेनापतीचं शेवटी काय झालं, आणि सुटल्यावर राहायला लांबच्या एखाद्या गावात खोली बघून ठेवली का. तेवढ्यात वेळ संपली म्हणून शिपायाने उठवलं. नाहीतर पहिल्याचं उत्तर मी तिथेच दिलं असतं. दुसऱ्याचं तोंडावर देणं जमलं नसतं. म्हणून दोन्ही लिहून पाठवते आहे, म्हणजे बाहेर पडायच्या आत तुझ्या हातात पडेल. तिथे पत्रं फोडून वाचतात हे ठाऊक आहे मला. वाचू देत, त्यांनाही तेवढाच विरंगुळा.

आधी सेनापती, कारण भेटींत माझ्याकडून ऐकून ऐकून तो तुझा लाडका झालाय. सगळ्यांचाच लाडका आहे, तीच तर गोची आहे. आमच्या कंपनीच्या संगणकावरच्या खेळाच्या पहिल्या भागात मी त्याच्याकडून नदीकाठचं अख्खं नगर जाळून घेतलं, वेशीचे दरवाजे बाहेरून बंद करून. ते मला कुठून सुचलं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. खेळणाऱ्यांनी आधी त्याला शिव्या घातल्या आणि मग त्याचीच चित्रं खोलीत लावली. काळं चिलखत, खर्जातला आवाज, दोनचार टाळ्यांची वाक्यं, एवढ्यावर लोक जळलेलं नगर विसरले. आता दुसऱ्या भागात त्याला सुधारायचं असं वरून ठरलं. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं मी बैठकीत म्हणाले, तर साहेब खो खो हसले. म्हणाले, अगदी हेच लिहा, फक्त जरा रडवून लिहा.

तो सुधारतो कसा तेही ऐक. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी असते, फोनच्या बॅटरीसारखी. त्याने कुणाला पुरातून काढलं की पट्टी थोडी भरते, विहीर खणली की आणखी थोडी. पूर्ण भरली की चिलखत काळ्याचं पांढरं होतं. मग जळलेल्या नगरातून वाचलेली एक बाई येते, त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि तुला माफ केलं म्हणते. ते वाक्य मीच लिहिलं. पगार त्याचाच मिळतो.

पुढचा घोळ आमच्याच धंद्यात होऊ शकतो. पहिल्या भागात जाळायच्या बायका पुष्कळ आणि वेळ थोडा, म्हणून आमच्या चित्रकार मुलीने एकच बाई घडवली होती आणि शाली बदलबदलून सगळीकडे तीच उभी केली होती. आगीत कोण कुणाचा चेहरा बघतंय! आता ही माफी देणारी बाई हवी होती, तेव्हा तिने घाईत जुन्या सामानातून तीच उचलली. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. खेळून बघायला बाहेरून माणसं बोलावतो आम्ही. लांबट खोली, पडदे ओढलेले, कानांवर हेडफोन, आणि मागच्या काचेतून आम्ही त्यांची तोंडं न्याहाळतो. त्या दिवशी सगळे रडले. साहेब खूश. फक्त एका गृहस्थांनी हेडफोन काढून ठेवले आणि शांतपणे विचारलं, "अहो, ही तर वेशीच्या दारापाशी जळाली होती ना?"

चित्रकार मुलगी पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता सगळं बदलावं लागेल. पण साहेबांनी टेबलावर थाप मारली. असू द्या, म्हणाले, उलट झकास झालं. मेलेलीच उठून माफ करते, याहून मोठं काय हवं? धाकटोबा, मी तिथून उठले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. सगळ्यांना नेमकं हेच हवं असतं, हे मला त्या नळाच्या आवाजात कळलं. जे गेले त्यांनीच उठावं, आपल्या डोक्यावर हात ठेवावा आणि आपल्याला मोकळं करावं.

मी भांडून दुसरी मांडणी करून दिली. नवा चेहरा, म्हातारी बाई, ती माफ करत नाही. तिने तोंड फिरवलं की कोपऱ्यातली पट्टीच नाहीशी होते. विहिरी खणायच्या राहिलेल्याच असतात, सेनापतीने त्या खणायच्या, पण किती झालं आणि किती उरलं ते कुणी दाखवणार नाही. तीही लोकांना खेळायला दिली. निम्म्यांनी खेळ मध्येच सोडला. एकजण तर तावातावाने म्हणाला, "पट्टी नाही तर मग मी विहिरी कशासाठी खणतोय?" साहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. पहिलीच मांडणी कायम झाली. तेव्हा तुझ्या सेनापतीला माफी मिळाली, चिलखत पांढरं झालं, आणि तो नव्या राज्यात निघून गेला. मी नोकरी सोडली नाही. तेवढी शूर मी नाही.

आता तू. लांबच्या गावात खोली, नवे शेजारी, कुणी ओळखत नाही, मागचं कुणी काढत नाही. तुलाही पांढरं चिलखतच हवं आहे की रे. आत तू लोकांना लिहायला-वाचायला शिकवलंस, आजाऱ्यांची उशापायथ्याशी बसून सेवा केलीस, तुरुंगाचे अधिकारीसुद्धा तुझं चांगलं बोलतात. ते खोटं नाही. मी आपला तो बाळ्या म्हणून म्हणत नाही, खरंच तू बदललास. पण शिवणकारखान्याचं मागचं दार तूच बाहेरून लावलं होतंस, कापड चोरीला जातं म्हणून. आग लागली तेव्हा किल्ली तुझ्याच खिशात होती. तू पुढच्या जिन्याने उतरलास, तुझ्यामागे तो जिनाही पेटला, आणि तू रस्त्यावर उभा राहिलास. एकोणीस जणी आत होत्या. समोरच्या काकूंची पोर त्यातच होती, आणि तिला तिथे कामाला तूच लावलं होतंस.

कोर्टात तू सांगितलंस की गडबडीत किल्लीचं विसरलो. गेली नऊ वर्षं मी तेच धरून चालले. गल्लीत कुणी तोंड फिरवलं की मनात म्हणायची, विसरला बिचारा, माणूस आहे. आई तर जाईपर्यंत तेच म्हणत राहिली. आणि मागच्या भेटीत, सेनापतीची चौकशी करता करता, तू खाली बघून म्हणालास, "ताई, विसरलो नव्हतो. दारावर मारत होत्या ते ऐकू येत होतं. घाबरलो होतो." परतताना बसमध्ये शेजारच्या बाईने मला पाणी पाजलं, एवढं आठवतं. तुझी लाज वाटली, इतकी की पुन्हा तोंड बघू नये असं वाटलं. आणि तुझी काळजीही त्याच क्षणी वाटत होती, तुला तिथे नीट झोप लागत असेल का म्हणून. दोन्ही अजून तशीच आहेत. एकाने दुसरं कमी होत नाही.

तुला खरं विचारायचं होतं ते हे, की असा माणूस चांगला होऊ शकतो का. सेनापतीचं नाव पुढे केलंस, पण मी काय दुधखुळी नाही. होऊ शकतो, असं मला वाटतं. पण चांगलं होऊन केलेलं फिटत नाही. एकोणीस जणींच्या वतीने तुला सोडवायला कुणी उरलेलं नाही, आणि तुझी बहीण म्हणून मला तर तो हक्क मुळीच नाही.

म्हणून मी काकूंकडे गेले. रागावू नकोस, किंवा रागाव, पण ऐक. त्या शिलाईच्या मशीनपाशी बसल्या होत्या. पोर गेल्यापासून त्या मशीनवर काही शिवत नाहीत, नुसतं तेल घालतात. तू मला जे सांगितलंस ते जसंच्या तसं मी त्यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील, हाकलून देतील. त्या बराच वेळ चाक हाताने फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी समजत होते विसरला. विसरलेल्याला काय विचारणार? आता विचारता येईल." मी घाबरत घाबरत माफीचा विषय काढला. "माझ्यापुरतं मी बघीन," म्हणाल्या, "पोरीच्या वाटचं माझ्याकडे कुठे आहे?" आणि मी जायला उठले तेव्हा म्हणाल्या, त्याला दुसरीकडे पाठवू नकोस. इथे आण.

हे पत्र त्यासाठी. मी खोली बघितलेली नाही आणि बघणार नाही. तू इथे यायचंस, याच गल्लीत, आपल्या घरात, जिथून बाहेर पाऊल टाकलं की समोर काकूंची खिडकी आहे. रोज सकाळी त्या तुला बघतील. त्या विचारतील की दारावर किती वेळ मारत होत्या, कुणाचा आवाज ओळखू आला का, पोरीने कुणाला हाक मारली का. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा तुला सांगावं लागेल, आणि कधी पुरे म्हणायचं हे त्या ठरवतील, कदाचित कधीच म्हणणार नाहीत. गल्लीतले बाकीचे काय करतील ते मला सांगता येत नाही. सुटायच्या दिवशी मी फाटकाशी उभी असेन. हे जमणार नसेल तर तिथेच सांग, तुला हव्या त्या गाडीत बसवून देईन आणि वर्षभर पुरतील एवढे पैसेही देईन. पण परत येऊन काकूंना मी खोटं सांगणार नाही. त्या विचारतील आला का, आणि मला म्हणावं लागेल की काकू, तो पुन्हा घाबरला.

तुझ्यावर संतापलेली, आणि तुझीच,
ताई