माचिसची लाल पेटी

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. लिहावंसं कधी वाटलं नाही. पण काल संजूच्या नव्या बारच्या उद्घाटनाला दिंडोरी रोडला गेले आणि आता राहवत नाही.

दारातच तुमची लाल पेटी! 'माचिस यहाँ जमा करें' ही पांढरी अक्षरं तशीच. तिच्यात सिगारेटची थोटकं, गुटख्याच्या पिचकाऱ्या, चोखून टाकलेली हाडं. शी!

तुमचा धाकटा लेक कौतुकानं सांगत होता, "बघ ताई, एकदम नेव्ही लूक! लोक फोटो काढतात."

तुमच्या जहाजाच्या शिडीशी असायची ना ही? वर पाय ठेवायचा तर आधी खिशातली काडेपेटी हिच्यात, मग खलाशी असो की मोठा साहेब. पोटात तोफगोळे, टॉर्पेडो भरून तुम्ही लढाऊ जहाजांना पुरवायचात. बँड त्यांच्यासाठी वाजायचा. तुम्हाला मात्र सगळ्यांपासून लांब नांगर टाकायला लावायचे, महारोग्यासारखं! "आमचं नाव पेपरात आलं, तर समजायचं आम्ही उरलो नाही," म्हणायचात. मी हसायचे.

जहाज तोडायला गेलं, तेव्हा ही पेटी मांडीवर घेऊन तुम्ही एसटीनं नाशिकला आलात. आणि टांगलीत आपल्याच दाराशी! आईसुद्धा देवापाशी दिवा लावून काडेपेटी परत हिच्यात टाकायची. दिंडोरीचा मामा वैतागायचा, "दाजी, घर हे का बोट? मी काय बॉम्ब हे का?"

"तुम्ही नाही हो. तुमचा खिसा."

मला बघायला आलेल्यांकडेही काड्यापेट्या मागितल्यात. दोन दिवस बोलले नव्हते मी तुमच्याशी.

एक विचारू? भीती वाटायची का हो तुम्हाला? इतकी वर्षं दारूगोळ्यावर झोपलात आणि आम्हाला नुसते नियम सांगितलेत. भीती का नाही सांगितलीत?

काल संजूवर ओरडले, "लाज नाही वाटत?"

तो म्हणाला, "फोनवर तुलाच विचारलं होतं ना? तूच म्हणालीस, ने ती अडगळ."

म्हणाले होते, अण्णा. तुमचं घर रिकामं करायच्या घाईत, लक्ष भलतीकडे असताना. त्यानं थुंकायला ठेवली, पण देऊन मी टाकली. मग किळस कुणाची करू?

पाहुण्यांसमोर पेटी तिथंच उपडी केली आणि रिक्षात घालून आणली. तीनदा सोड्यानं धुतली. वास जात नाही. आज आमच्या दाराशी लावली, तर हे म्हणाले, "आता मीसुद्धा?"

"हो. तुम्हीसुद्धा."

खिशातला लायटर टाकला त्यांनी.

रविवारी संजू जेवायला येतोय. खिसा रिकामा केल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देणार नाही. आणि वास जाईपर्यंत ही पेटी रोज माझ्याच हातानं धुवीन. हे वचन.

तुमची,
सुमन