आपल्या घरात बायकांना जास्तच जातं

प्रिय आक्का,

मागच्या महिन्यात गौरीची दाढ काढली, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "पाळीत किती जातं गं?"

दाताचा आणि पाळीचा काय संबंध? मीही चक्रावलेच. तुझी लेक तोंडात कापसाचा बोळा धरून खुर्चीत बसलेली, लाजून लाल! पण टाका घालूनही दाढेच्या जागेतनं दुसऱ्या दिवशी रक्त येतच होतं. बाई माझ्याकडं वळल्या. "मावशी, कारण आहे म्हणून विचारतेय." मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, "आमच्या घरात बायकांना जास्तच जातं." त्यांनी लगेच विचारलं, "घरात म्हणजे कुणाकुणाला?"

तेव्हापासून तू डोक्यातनं जाईनास. तुला विचारायचं लई साठलंय, म्हणून लिहितेय.

आठवतं का, रेणापूरला आई आपल्या दोघींकडं कशी बघायची? तुझ्याबद्दल समाधान. "विजी धड हाय. भरपूर जातंय, अंगातली घाण निघतीय." आणि माझ्याकडं बघून कपाळाला हात! "सुनीला काय जातच न्हाई. दाखवा हिला कुठंतरी." चार-पाच दिवस मला पाळी यायची आणि गुमान जायची, हाच माझा रोग. तिळाचा काढा पाजला तिनं मला किती महिने! तू बाजूला बसून हसायचीस, "पी, पी. माझ्यासारखी हो."

आक्का, त्या घरात धड मीच होते गं! आता हसतेस का?

दाताच्या बाईंनी चिठ्ठी दिली आणि आम्ही लातुरातल्याच एका स्त्रीरोग डॉक्टरांकडं गेलो. सोनोग्राफीत काही निघालं नाही. मग त्यांनी गौरीला खोदून खोदून विचारलं. आंघोळ करताना कुठं लागलेलं नसताना निळे डाग दिसतात का? घोळणा फुटून नाकातनं रक्त येतं का? माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? गौरी हो-हो म्हणत गेली, आणि मला वाटलं या बाई तुलाच तपासताहेत. उन्हाळ्यात तुझा घोळणा फुटला की आई कांदा फोडून नाकाला लावायची. सुपातले तांदूळ तू मूठमूठ तोंडात टाकायचीस. शाळेच्या सहलीला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडलीस, तर सगळे म्हणाले उपाशी असेल. तुला तेव्हा काय वाटायचं? आपल्याला काही झालंय असं एकदाही मनात आलं नाही?

एक गोष्ट मला अजून उमगत नाही. आपल्या लिंगायतांत बाहेर बसायची रीत नाही. पाळीतसुद्धा तू आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करायचीस. शेजारच्या पोरींना आपला हेवा वाटायचा. मग विटाळ नव्हता तर बोलणं का नव्हतं? शिवाशिव नसलेल्या घरातही "किती जातं, किती दिवस जातं" हे कुणी कुणाला का विचारलं नाही?

गौरी मात्र तुझ्यासारखी नाही, विचारते. डॉक्टरांना म्हणाली, "मॅडम, पण नॉर्मल म्हणजे किती? मला तर हेच नॉर्मल वाटत होतं."

डॉक्टर हसल्या. "तेच तर. प्रत्येकीला आपल्याच घरातलं नॉर्मल वाटतं. तारखा थोड्या मागंपुढं झाल्या, पहिले दोन दिवस जरा जास्त गेलं, तर घाबरायचं नाही. पण तासातासाला पॅड भिजतंय, रात्री उठून बदलावं लागतंय, मोठ्या गाठी पडताहेत, आठवडा उलटला तरी थांबत नाही, तर दाखवायचं. दोन पाळ्यांच्या मधेच जायला लागलं तरी दाखवायचं. आणि वयानं पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा लाल दिसलं, थेंबभर जरी, तर लगेच यायचं."

रक्त तपासायला बाहेर पाठवलं. रिपोर्ट आला. रक्त गोठायला जे लागतं, त्यातलं एक द्रव्य गौरीच्या अंगात जन्मापासूनच कमी आहे. पिढीजात असतं म्हणे, आईकडून लेकीला येऊ शकतं. घाबरू नकोस! पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या दिल्यात, अंगात रक्त कमी झालंय म्हणून लोहाच्या वेगळ्या. या वेळी ती रात्रभर सलग झोपली. सकाळी उठून मलाच म्हणते, "मावशी, लोकांना असं होतं? एवढंच?" तिला राग आला होता की आनंद झाला होता, मला कळलं नाही.

मग मी डॉक्टरांना तुझं विचारलं. गौरी झाली तेव्हा सगळं नीट होतं. दवाखान्यातून हसत घरी आलीस. आठवडाभरानं जास्त जायला लागलं. बायका म्हणाल्या, ओल्या बाळंतिणीला जातंच. आणि तूही म्हणालीस, "मला तर नेहमीच जातं, त्यात काय?" एवढी खात्री कशी गं तुला? लातूरला आणेपर्यंत तू पांढरीफटक झाली होतीस. नजर लागली म्हणाले, उष्ण पडलं म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, पोटुशी असताना हे द्रव्य आपोआप वाढतं, म्हणून बाळंतपण सुखरूप होऊ शकतं. नंतर ते उतरतं. "तुमच्या बहिणीचं तसंच झालं असेल. पण तपासलेलं नाही, त्यामुळे मी ठाम सांगणार नाही." म्हणजे हा प्रश्न तसाच राहणार, आक्का. तूच एकटी उत्तर देऊ शकली असतीस.

परवा रेणापूरला जाऊन आईला सगळं समजावलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "माझंबी तसंच होतं की. माझ्या आईचंबी. आम्हाला वाटायचं, बाईचा जन्म असाच असतोय." मग तिनं विचारलं, "ठाऊक असतं तर वाचली असती का गं विजी?"

मी म्हणाले, "ठाऊक असतं तर रक्त आणि औषध हाताशी ठेवलं असतं, आई." तिनं पुढ्यातलं सूप बाजूला सारलं आणि माझा हात धरून बसली.

गौरीनं आजवर तुझ्याबद्दल एकच विचारलं होतं, आई गोरी होती का? आता रोज नवा प्रश्न असतो. आईला पहिली पाळी कधी आली? ती कुणाला बोलली? दुखायचं का? मला येतं तेवढं सांगते. नाही येत तिथं नाही म्हणते.

तुला एक शब्द देते. गौरीला कधी मूल होणार असेल, तर दवाखान्याच्या पहिल्या खेपेलाच मी डॉक्टरांना तुझी गोष्ट सांगेन. आणि ती बाळाला घेऊन घरी आली की ते सगळे दिवस मी तिच्या खाटेला खाट लावून झोपेन. "त्यात काय" असं ती म्हणाली, तरी मी विचारत राहीन.

तुझी,
सुनी