'जवळचं माणूस' हा रकाना

३ मार्च
बदलीच्या गावात घर एकदाचं लागलं. बायको खूश, कारण स्वयंपाकघराला दोन खिडक्या. मी खूश, कारण ऑफिस चालत दहा मिनिटांवर. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर व्यायामशाळा आहे. बायको म्हणाली, आता निमित्तं पुरे. शर्टाचं चौथं बटण दोन वर्षं लागत नाही, तेव्हा वाद घालायला तोंड नव्हतं. लगेच जाऊन नाव घातलं. वजन ९४ किलो. तिथले मास्तर साठीचे, काटक, मोजकं बोलणारे. त्यांनी लांबलचक फॉर्म भरायला दिला. 'जवळचं माणूस' या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, हे सगळीकडेच विचारतात.

१९ मार्च
साखर बंद, तळलेलं बंद. सकाळी चार अंडी, दुपारी उकडलेलं चिकन, संध्याकाळी कडधान्यं. घराचा दवाखाना झालाय असं बायकोचं म्हणणं. पहिला आठवडा जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता. आता बारा किलोचं डंबेल एका हाताने उचलतो. मास्तर म्हणतात, नुसती चरबी उतरवून माणूस चिपाड होतो, स्नायू भरला पाहिजे. वजन ९१.

११ एप्रिल
८७. आणि दंड दोन इंचांनी भरला. ऑफिसातले लोक वळून बघतात. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.
बायको मात्र उतरलीय. घड्याळ मनगटावरून घसरतं. पाण्याचा जग दोन हातांनी उचलते. जेवण पूर्वीइतकंच आहे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

२ मे
ती जिन्यात मध्येच बसली. उचलून वर आणलं. हाताला वजनच लागलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की दंड मजबूत झालेत. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

६ मे
चार दिवस व्यायाम बंद ठेवला. दंड तरीही वाढला. तिचा कमी झाला. टेप लावून बघितलं. जेवढा माझा वाढला, तेवढाच तिचा उतरला.

७ मे
मास्तरांना विचारलं. त्यांनी शांतपणे माझा फॉर्म काढला. म्हणाले, चरबी जाते ती जाते, पण स्नायू कुठून तरी यावा लागतो; आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. तो रकाना त्यासाठीच असतो, लोक न विचारता भरतात. कोरा ठेवता येत नाही. नाव बदलता येतं, तुम्ही बदला किंवा घरचं कोणी येऊन बदललं तरी चालतं.
आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नाही. तिचं नाव खोडून माझं लिहिलं.

१२ मे
आज ती बाजारातून दोन पिशव्या घेऊन आली. जिन्यात थांबली नाही.
माझं मलाच पुरत नाहीये. पोटऱ्या गेल्या. भीती वाटत नाही, काहीच वाटत नाही.

१५ मे
काटा ५२. ऑफिसला गेलो नाही. ती सारखी विचारते.

१७ मे
सांगून टाकलं. ती ताट घेऊन आली. मला भरवलं, तोंड पुसलं.

१८ मे
अक्षर वाकडं — पेन दोनदा पडलं. ती चपला घालत होती. कुठे विचारलं तर दूध आणते म्हणाली. दूध घरात आहे.
हाक मारली — आवाज खिडकीबाहेरही —
उठता येत नाही. ती रस्ता ओलांडतेय. समोरचं दार

थांब ना —

अक्षर सरळ येतंय. बोटांत जोर — पेन घट्ट धरता येतंय. उभा राहिलो. पायऱ्या उतरू शकेन, धावू शकेन, म्हणजे तिने तिथे जाऊन तिचं