खणातला अर्ज

चि. कन्येस अनेक आशीर्वाद.

बाळंतपणानंतर सहाव्याच आठवड्यात तुला कामावर रुजू व्हावे लागणार, हे आज तू फोनवर सांगितलेस. मी विमा कंपनीच्या नावाने बोटे मोडली. ते सोंग होते.

तिकडे परदेशात बाळंतपणाची रजा बिनपगारी; त्या रजेत अर्धा पगार मिळावा, म्हणून पूरक विम्याचा अर्ज तू माझ्याकडे दिला होतास. "बाबा, तुम्ही वाचा, मग मी डोळे मिटून सही करते." विमा गर्भधारणेपूर्वीच घ्यावा लागतो, हे पहिल्याच पानावर छापलेले होते. तरीही मी सतरा शंका काढल्या, कंपनीला तीन पत्रे धाडली आणि उत्तरे येईपर्यंत अर्ज खणात ठेवला. तुझी आई म्हणे, "अहो, तुमच्या शंका फिटेपर्यंत नातवंड थांबणार आहे का?"

ते थांबले नाही. गोड बातमी आली, तेव्हा अर्ज खणातच होता. कंपनीने दिरंगाई केली, असे मी तुला सांगितले.

आज तूच माझी समजूत घातलीस, "जाऊ द्या बाबा, तुम्ही तरी काय करणार?" त्या वाक्याचे उत्तर म्हणून हे पत्र लिहिले. पाच वेळा वाचले. तू क्षमा करशील का, एवढी एकच शंका उरली आहे. ती फिटेपर्यंत पत्र त्याच खणात ठेवतो.

तुझा अपराधी,
बाबा