ताईच्या वावरांची नावं

४ जानेवारी
रायपूरजवळ सिलतऱ्याकडं जाऊन आलो. आपलं गाव होतं तिथं आता स्पंज आयर्नच्या प्लांटची भिंत. तळं अर्धं बुजलं, पाण्यावर काळी साय. सारी नोकरी सरकारी नकाशे काढण्यात गेली अन् स्वतःच्याच गावात वाट चुकलो! ठरवलं, जुन्या गावाचा नकाशा काढायचा. वावरांची नावं आता एका ताईलेच ठाऊक. बाबा गेल्यावर शेती तिनंच पाहिली, मी रायपुरात शिकत होतो.

११ जाने.
भनपुरीला ताईकडं. ब्याऐंशीची आहे, पण बोलणं खणखणीत. लगेच एकेक खार, म्हणजे वावरांचा पट्टा, सांगू लागली, "विहिरीपासून निंग. डाव्या हाताले डबरी खार, मंग महुआ खार. तिथं मी तुले पाठीवर घेऊन…"
मी तोडलं. "गोष्टी नको ताई. सरकारी कागदातल्या खसरा नंबरानं सांग. एक नंबरचं वावर कोणतं?"
"काहून नंबर-नंबर करून राहिला रे? मी तं पायी फिरली."
मी काढलेला कच्चा नकाशा पुढं सरकवला. उत्तर वर, दक्षिण खाली. चौथ्यांदा विचारलं तशी तिनं नकाशा मागं सारला. मग म्हणाली, "मले काई येत नाही बाप्पा." चहा न पिताच उठलो. ताठा माझाच.

१३ जाने.
ती चालत सांगते तसंच लिहायचं. नंबर मागून लावता येतील. रविवारी जातो.

१६ जाने.
भाचीचा फोन. "मामा, मम्मी को लकवा मार गया."
उजवी बाजू गेली. वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, येईल, न येईल. माझ्याजवळ दोनच नावं. महुआ खारात मले पाठीवर घेऊन तिनं काय केलं, तेही ऐकून घेतलं नाही. मूर्ख आहो मी. निव्वळ मूर्ख.

२ फेब्रु.
ताई दवाखान्यातून घरी आली. कोरा कागद अन् पेन्सिल घेऊन जवळ बसलो. "ताई, विहिरीपासून निंगलो. डबरी खार झालं, महुआ खार झालं. पुढं?"
ओठ हलले. घशातून नुसता आवाज.
भाची म्हणे, "रहने दो मामा, थक जाती है."
तेवढ्यात ताईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं अन् जोर लावून कागदावर डावीकडं ओढलं. मी तिथं वळण काढलं. तिनं हात सोडला नाही, आवाज करतच राहिली. तिचे डोळे भरले, माझेही. ती सांगून राहिली होती, मलेच समजून नव्हतं राहिलं.