एनक पिलिंगची निर्दोष सुटका

सोमवार, ४ फेब्रुवारी. सकाळ.
आजपासून कामाला सुरुवात. मागच्या खोलीतलं टेबल ताब्यात घेतलं. ब्रेंडाने तिची इस्त्री तिथून हलवायला साफ नकार दिला. हरकत नाही. बायकोशी वाद घालून मोठी कामं होत नाहीत, अर्ध्या टेबलावरही होतात.

काम असं: रॅम्स हेड वाचवायचा. पबची मालक असलेल्या बियर कंपनीने आमचा पब एका बिल्डरला द्यायचं ठरवलंय. पाडून फ्लॅट. जॅकी हॉयल कित्येक वर्षं तो चालवते, वरच्याच मजल्यावर राहते. पब गेला की तिचं घरही गेलं. इमारत खरोखर जुनी आहे हे कौन्सिलने मान्य केलं तर मात्र त्या इमारतीला कुणाला हात लावता येणार नाही. दारावरच्या दगडात १७९४ कोरलंय, ते सगळं अकरशॉ गाव रोज बघतं. पण नुसत्या दगडावर भागेल का? कुणीतरी इतिहास नीट मांडायला हवा. कोण मांडणार? इतिहास मंडळाचा उपाध्यक्ष. म्हणजे मी. शिवाय माझे खापरपणजोबा एनक पिलिंग याच रॅम्स हेडचे मालक होते. हे आपल्या रक्तातच आहे.

जॅकीला शब्द दिला. तिने बारवरून वाकून माझा गाल ओढला आणि म्हणाली, "राजा, तू आहेस म्हणून आज मला झोप लागेल." पबातलं रोजचं गिऱ्हाईक स्टॅन डोमिनो मांडत बसला होता. म्हणाला, "मग आजच झोपून घे बाई." स्टॅनला इतिहासाची जाण नाही.

संकल्प: कौन्सिलपुढे सुनावणी होईपर्यंत फक्त इमारतीचा शोध. घराण्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी.
काउंटी अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरात, पहिला दिवस. जुन्या वर्तमानपत्रांच्या फिती बघायचं यंत्र उलटं फिरतं, मान मोडते. १७९४ पासून सुरुवात करणार होतो, पण यंत्रात आधीच १८६८ची फीत होती. काढून दुसरी लावायची म्हणजे नसती उठाठेव.

आणि समोर काय? "एनक पिलिंग, रॅम्स हेड"! ऊर भरून आला. दंड झालेला दिसतो, पण ते महत्त्वाचं नाही.

दंडाचं थोडक्यात. रविवारी चर्चच्या वेळात पब बंद ठेवायचा कायदा होता, फक्त लांबून आलेल्या प्रवाशाला पाजायची मुभा. हवालदार आत शिरला तर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या हातात ग्लास, आणि प्रत्येकजण प्रवासी. हवालदार सगळ्यांना नावानिशी ओळखत होता. एकजण तर त्याचा सख्खा मेहुणा. मेहुणा म्हणाला, सासूच्या घरून आलोय, ते अंतर मोजता येत नाही.

माझं मत: एनक भोळे होते. लोकांनी प्रवासी म्हणून सांगितलं, त्यांनी विश्वास ठेवला.

ब्रेंडाला वाचून दाखवलं. तिने इमारतीचं काय सापडलं असं विचारलं. या बाईला धीर म्हणून नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी.
चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही बघितली. इमारतीसाठीच बघत होतो. पबात कामाला असलेल्या सेलिना हार्गरीव्ह्ज नावाच्या मुलीला मुलगा झाला. वडिलांच्या नावाची जागा कोरी. मुलाचं नाव एनक पिलिंग हार्गरीव्ह्ज.

त्या काळी नोकरमंडळी मालकाला किती मानायची! आज कोण मालकाचं नाव मुलाला देतं? जेवताना हे ब्रेंडाला सांगितलं. तिला हसता हसता ठसका लागला. पाठ थोपटावी लागली. "अरे गॉर्डन, अरे देवा," एवढंच म्हणत होती. तिला बरं नसावं.

शनिवार, २३ फेब्रुवारी.
रॅम्स हेडमध्ये. अर्धाच पाइंट बियर घ्यायची असं ठरवून गेलो होतो. जॅकीच्या मांस भरलेल्या स्टेक-पायला अर्ध्या पाइंटात न्याय मिळत नाही, तेव्हा दीड.

आज काही पाहुणे आले होते. जॅकी त्यांना तळघर दाखवायला घेऊन गेली आणि तिचा नेहमीचा किस्सा रंगवून सांगितला: १८७१ साली जोब टॅटरसॉल नावाचा गाडीवान मालकाच्या बायकोवर भाळला होता, मालकाने रागाने त्याला याच पायऱ्यांवरून ढकलून मारलं, आणि अजूनही दमट हवेत तो कण्हतो. पाहुणे खूष. मी मात्र तिथेच थिजलो. मालक म्हणजे एनक! इतकी वर्षं हा किस्सा ऐकतोय आणि दरवेळी हसतोय, पण १८७१ साल आणि आमचं घराणं यांचा मेळ आज बसला. माझ्या खापरपणजोबांना हे लोक आइस्क्रीम खात खात खुनी म्हणतात!

जॅकीला एका बाजूला घेऊन बोललो. ती म्हणाली, "राजा, हॅलोविनला त्या भुतावर माझा सबंध ऑक्टोबरचा धंदा निघतो. त्याला काही करू नकोस हं." मी मान डोलावली. पण आतून पेटलो.

संकल्प बदलला: इमारत वाचवायची, आणि एनकचं नावही धुऊन काढायचं. दोन्ही एकाच दगडात.

शुक्रवार, ८ मार्च.
कौन्सिलच्या वारसा खात्याच्या मिसेस डनकर्ली पब बघून गेल्या. मजबूत बाई, चिखलाचे बूट. दारावरच्या दगडावरून हात फिरवला, तळघरात जाऊन आल्या, जॅकीचा किस्सा सगळा ऐकला. जाताना म्हणाल्या की दगड आहे, नाव आहे, गावाची आठवण आहे, अशी प्रकरणं सहसा मंजूर होतात. विरुद्ध काही पुढे आलं नाही म्हणजे झालं.

जॅकी रडली. सगळ्यांना तिच्याकडून एकेक ग्लास. स्टॅन म्हणाला की आता गॉर्डनने तोंड बंद ठेवलं की जिंकलो. सगळे फार हसले. मीही हसलो. पण मला हे पटलेलं नाही. सुनावणीत मला बोलायला तीन मिनिटं मिळालीत. मिळालेली तीन मिनिटं काय खिशात ठेवून परत आणायची?

गुरुवार, २१ मार्च. बसमध्ये लिहितोय, अक्षर वाकडं.
सापडलं! सापडलं! सापडलं!

आधी वाईट बातमी उरकतो. जोबच्या मृत्यूची चौकशी खरंच झाली होती. तीही पबातच, कारण तेव्हा मोठी खोली पबातच असायची. प्रेत एका टेबलावर, पंच दुसऱ्यावर, आणि पंचांना बियर एनककडून. पंचांनी "अपघात" ठरवलं. ब्रेंडा यावर काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आता खरी बातमी. मॅजिस्ट्रेटांचा १८८२चा निकाल. रॅम्स हेड पूर्वी बॅक लेनवर होता! घर पडायला आलं म्हणून ब्रुअरीने, म्हणजे बियर कंपनीने, मिल स्ट्रीटवर नवं बांधलं आणि लायसन तिकडे हलवायची परवानगी घेतली. सगळं उचलून नेलं: पाटी, बियरचे पंप, बाकं, दारावरचा दगडसुद्धा. गावात कुणालाही हे माहीत नाही. दगड बघून सगळे फसले. मिसेस डनकर्लीसुद्धा! मी एकटा फसलो नाही.

म्हणजे आताचं घर १८८२चं. एनक वारले १८८१मध्ये. ज्या तळघरात त्यांनी खून केला असं सांगतात ते तळघर त्यांच्या हयातीत नव्हतंच! माणूस अस्तित्वात नसलेल्या पायऱ्यांवरून कुणाला ढकलेल कसा? सगळा आरोप एका झटक्यात कोसळला. समोरच्या सीटवरच्या आजी माझ्याकडे बघून सरकून बसल्या. बसू देत.

प्रश्न: मग जोब पडला कुठे? जुन्या घरात, बहुधा. पण जुन्या घराबद्दल कुणी काही विचारलेलंच नाही.

काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय खरं. सकाळी चहा घेतला नाही म्हणून असेल.

शनिवार, ३० मार्च.
जॅकी सारखी विचारते, राजा, काय बोलणार आहेस, जरा दाखव ना. मी फक्त भुवया उडवतो. सरप्राइज आहे. ब्रेंडालाही दाखवलेलं नाही. तिने तरी सुचवलंच: "उभा राहा, इमारत जुनी आहे म्हण, खाली बस." हे म्हणायला उपाध्यक्ष कशाला लागतो?

आरशासमोर सराव. चार मिनिटं होतात. सेलिनाचा उल्लेख गाळला.

बुधवार, १० एप्रिल. सुनावणीचा दिवस.
टाऊन हॉल खच्चून भरला होता. बसायला जागा नाही. सगळा पब आला होता, जॅकी पहिल्या रांगेत, चर्चला जायचा निळा कोट घालून. मिसेस डनकर्लींनी शिफारस वाचली: जुनी इमारत, जतन करावी. बिल्डरचा वकील नखं बघत बसला होता. त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं.

मग माझं नाव पुकारलं.

बोललो. खणखणीत. १८८२चा निकाल शब्दशः वाचला. दगड कसा हलवला ते सांगितलं. शेवट असा केला: "सभ्य स्त्रीपुरुषहो, एनक पिलिंग या इमारतीत कधीच पाऊल ठेवू शकले नसते, कारण ते जिवंत असताना ही इमारत उभीच नव्हती!"

हॉल चिडीचूप. पुराव्याचा परिणाम. टाळ्या अशा वेळी वाजत नाहीत, लोक सुन्न होतात. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बहुतेक स्टॅन. वकिलाने नखं बघणं थांबवलं, उठला, आणि मला उद्देशून म्हणाला की पिलिंगसाहेबांचे मनापासून आभार, त्यांनी आमचं काम फार सोपं केलं. निकालाची एक प्रतही मागून घेतली. मी माझीच दिली. सुसंस्कृत माणूस.

मिसेस डनकर्ली डोळे मिटून बसल्या होत्या.

बाहेर पडताना जॅकीला गाठायचं होतं. गर्दीत दिसली नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
ब्रेंडाने घरी येताच कोट टांगला. किटली लावली, ती शिट्टी मारत राहिली तरी उतरवली नाही. मग म्हणाली, "गॉर्डन, तू आत्ता त्यांना सांगितलंस की इमारत जुनी नाही."

मी म्हटलं, मी एनकबद्दल सांगत होतो. ती म्हणाली, "माहीत आहे रे. तेच तर."

किटली मी उतरवली.

गुरुवार, ११ एप्रिल.
कौन्सिलचा निर्णय आला. इमारत १८८२ची, त्या काळच्या असंख्य घरांसारखी. जतन करण्यासारखं काही नाही. पाडायला परवानगी.

मिसेस डनकर्लींना तीनदा फोन केला. म्हटलं, माझं बोलणं मागे घेता येईल का? त्या म्हणाल्या, खरं असेल तर कसं मागे घेणार? खरं आहे का? मी म्हटलं, दुर्दैवाने.

संकल्प: फेरविचाराचा अर्ज. उद्याच. नवा पुरावा शोधतो. मिल स्ट्रीटवर आधी काहीतरी असेलच. रोमन काहीतरी.

रविवार, १४ एप्रिल.
रोमन काही नाही. गोठा होता.

पबात गेलो. स्टॅनने डोमिनो गोळा करून डब्यात भरले, डाव अर्धवट असताना. जॅकीने ग्लास भरून पुढे ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर माझ्याकडे तयार होतं.

पाइंट अर्धा सोडून आलो. जन्मात पहिल्यांदा.

गुरुवार, ३० मे.
फेरविचाराचा अर्ज फेटाळला. मी काय करू शकतो? काहीच करू शकत नाही. बसून राहतो. टेबलावर आता पूर्ण जागा आहे, ब्रेंडाने इस्त्रीसुद्धा हलवली, आणि मला करायला काही नाही.

दुपारी बिल्डरच्या ऑफिसमधून एका मुलीचा फोन. फार गोड बोलली. नव्या इमारतीला स्थानिक इतिहासातलं नाव द्यायचं आहे, माझ्या संशोधनाच्या सन्मानार्थ. "पिलिंग कोर्ट" चालेल का? क्षणभर, खरंच सांगतो, क्षणभरच, बरं वाटलं. मग ब्रेंडाने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या मुलीला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढे शब्द ब्रेंडाला येतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं.

शनिवार, २२ जून.
जॅकी आज गेली. समुद्रकाठच्या मोरकॅम गावी बहिणीच्या मागच्या खोलीत राहणार. सामान एका व्हॅनमध्ये मावलं.

मदतीला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या कपड्यांची एक पेटी खाली आणली. माफी मागायची होती. रात्रभर वाक्यं जुळवली होती, चांगली होती. पण तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर, "निदान एनकवरचा डाग तरी पुसला गेला, जॅकी."

तिने पेटी माझ्या हातातून घेतली. रागावलेली दिसत नव्हती, फक्त दमलेली. म्हणाली, "गॉर्डन, त्याला मरून दीडशे वर्षं होत आली. त्याला कुठे राहायचं नव्हतं. मला होतं."

व्हॅन गेली. स्टॅनने दाराला फळ्या ठोकायला कंपनीच्या माणसांना मदत केली, कारण त्या सरळ लागत नव्हत्या. माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी सात.
कोट घातला, टोपी घातली, दारापर्यंत गेलो. ब्रेंडाने आतून विचारलं, कुठे निघालास? सातला जायची माझी जागा एकच, आणि तिच्या दारावर आता फळ्या. टोपी काढली, मग कोट काढला.